केळ्याच्या इसेन्सचा हरवलेला तिसरा हिस्सा

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात केमिस्ट होते. केमिस्ट म्हटलं की लोक डोकेदुखीवरची गोळी मागतात, म्हणून आधीच सांगते: आम्ही वास बनवायचो. बर्फाच्या गोळ्यावरचं पिवळं सरबत, लहान मुलांचं खोकल्याचं औषध, स्वस्तातलं आइस्क्रीम यांना केळ्याचा जो वास येतो तो केळ्यातून आलेला नसतो. तो साकीनाक्यासारख्या ठिकाणाहून येतो. व्हिनेगरमधलं ॲसिड, एक अल्कोहोल, चमचाभर सल्फ्युरिक आणि दिवसभराचं उकळणं. गाळ्यात बारा महिने केळ्यांची वखार असल्यासारखा घमघमाट असायचा. प्रत्यक्ष केळं तिथं मी एकदाच पाहिलं, तेही कुणाच्या तरी उपासाचं.

तो वास कपड्यांत, केसांत, पर्सच्या अस्तरात मुरायचा. संध्याकाळी मी घाटकोपरच्या बसमध्ये चढले की दोन रांगा माना वळवायच्या. ‘ताई, केळी खाली ठेवा, सीटवर नको,’ असं एका कंडक्टरनं मला तीनदा तरी सांगितलं असेल. चौथ्यांदा मी रिकामे हात वर करून दाखवले, तेव्हा तो ओशाळला आणि त्यानंतर रोज ‘या, वेलची केळी आली’ म्हणून माझं स्वागत करू लागला. आई मला दारातच थांबवून ओढणी गॅलरीत टाकायला लावायची. मला मात्र त्या वासाची लाज कधी वाटली नाही. स्वतःच्या पगाराचा वास होता तो. आजही औषधाच्या दुकानात मुलांच्या सिरपची बाटली कुणी उघडली की मी उगाच रेंगाळते, आणि दुकानदार विचारतो, ‘अजून काही हवंय का?’

मी कामाला लागले तो दिवस नव्या भांड्याच्या उद्घाटनाचा होता. हा योगायोग नव्हता. साहेबांना फोटोत पांढऱ्या कोटातला केमिस्ट हवा होता. साहेब म्हणजे गाळ्याचे मालक. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी हा धंदा काढला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना व्यासपीठाचा सोस होता. ज्ञातिमंडळ, व्यापारी मंडळ, माजी विद्यार्थी मंडळ, जिथं म्हणून शाल आणि नारळ मिळतो तिथं ते जायचे. साकीनाक्याला थंडी पडत नाही, त्यामुळे शालींचं काय करायचं हा प्रश्नच होता. एक टाइपरायटरवर घातली होती, एक वजनकाट्यावर, एक टेलिफोनवर. आमच्या ऑफिसातली प्रत्येक वस्तू सत्कार झाल्यासारखी दिसायची.

नवं भांडं स्टीलचं होतं, पुरुषभर उंचीचं. त्याच्या डोक्यावर तसाच चकचकीत कंडेन्सर. भांड्यात मिश्रण उकळायचं, वाफ वर जायची, कंडेन्सरमध्ये गार होऊन तिचं पाणी-तेल व्हायचं आणि एका वळणदार नळीतून जसंच्या तसं पुन्हा भांड्यात पडायचं. ज्या सल्लागारांनी ते उभं केलं त्यांनी टाय सरळ करत सांगितलं, ‘बंदिस्त रचना आहे. एक थेंब बाहेर जाणार नाही.’ साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं की आठवड्याच्या आत रंगाऱ्याकडून ते भिंतीवर लाल अक्षरांत लिहून घेतलं.

नारळ फोडायला मामांना बोलावलं. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने कामगार. मूळ मालवणकडचे, आयुष्य गिरणीच्या रंगखात्यात गेलेलं. गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही, आणि पन्नाशी उलटलेले मामा भटवाडीतून रोज बस धरून साकीनाक्याला येऊ लागले. गाळ्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. बोटं अजून निळसर होती, नखांच्या मुळाशी. एका घावात नारळ फोडून त्यांनी भांड्यापुढे ठेवला, मान वर करून कंडेन्सर बघितला, ती वळणदार नळी बघितली आणि शेजारी उभ्या असलेल्या मला हळूच विचारलं, ‘बाय, तोटी खंय आसा?’

मी बेसिनकडे बोट दाखवलं. मला वाटलं, हात धुवायचे असतील. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि हात न धुता निघून गेले.

पुढचे दोन-अडीच महिने आम्ही त्या भांड्यात माल काढत होतो आणि माल कमी येत होता. थोडाथोडका नाही. जितका यायला हवा त्याच्या तीन हिश्श्यांतले दोनच यायचे, तिसरा हिस्सा यायचाच नाही. आज आला नाही, उद्या येईल, असंही नाही. दर खेपेला तेवढाच. आधीच्या काचेच्या लहान भांड्यात असं होत नव्हतं, असं साहेब म्हणत. ते काचेचं भांडं आता पोटमाळ्यावर होतं. मी ते चालताना पाहिलेलं नव्हतं आणि त्याची चौकशी करावी असं मला सुचलंही नाही. स्टीलच्या मानाने काच मागासलेली, एवढं मला पुरेसं होतं.

एका सोमवारी साहेबांनी मला टेबलाशी बोलावलं. ‘मॅडम, तुम्ही बीएस्सी. एवढ्या ॲसिडमध्ये एवढं अल्कोहोल घातलं तर माल किती व्हायला हवा, कागदावर मांडून द्या बरं.’

हे मला येत होतं. कॉलेजात याचेच मार्क मिळायचे. मी छान ठळक अक्षरात समीकरण लिहिलं: डावीकडे ॲसिड आणि अल्कोहोल, मध्ये बाण, उजवीकडे इसेन्स आणि पाणी. वजनं मांडली, गुणाकार केला, खाली आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

‘एवढा व्हायला हवा?’

‘हो सर.’

‘आणि येतो दोन हिस्से. मग तिसरा जातो कुठे?’

‘व्हायला तर हवा सर,’ मी म्हटलं.

‘सही करा.’

मी सही केली. नावापुढे बीएस्सीसुद्धा लिहिलं.

त्या कागदाचं काय होणार हे मला मंगळवारी संध्याकाळी कळलं. सुटायच्या वेळी साहेबांनी आपलं टेबल शटरजवळ ओढून घेतलं होतं. बाकीचे दोघे कामगार गेले, मी शटरबाहेर पोचले, आणि मागून मामा आले तसं साहेब म्हणाले, ‘मामा, जरा पिशवी दाखवा.’ मामांनी पिशवी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती ओतली. डबा, पंचा, घडी घातलेला पेपर, कागदात बांधलेले सुके बोंबील. साहेबांनी डब्याचं झाकण काढून वास घेतला.

बुधवारी सकाळी त्यांनी मला समजावून सांगितलं. माल हरवतोय हे केमिस्टच्या सहीनं सिद्ध झालेलं आहे. किल्ल्या मामांकडे. सकाळी अर्धा तास ते एकटे असतात. शिवाय त्यांचा भाचा घाटकोपरला बर्फाच्या गोळ्याची गाडी लावतो. ‘आणि तुम्ही पाहिलंत का, त्यांच्या अंगाला सारखा केळ्याचा वास येतो.’

‘सर, तो माझ्याही अंगाला येतो. तुमच्याही येतो.’

‘तुमची गोष्ट वेगळी,’ साहेब म्हणाले. ‘शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर त्यांना रामराम. या वयात पोलिसांत वगैरे देणार नाही मी.’ हे शेवटचं वाक्य त्यांनी सत्काराला उत्तर देताना लावायचे त्या आवाजात म्हटलं.

मी मनात हिशेब केला. त्या इसेन्सचा थेंबभर बादलीभर सरबताला पुरतो. जेवढा माल हरवत होता तेवढ्यात कुलाब्यापासून दहिसरपर्यंतचा सगळा बर्फ पिवळा झाला असता आणि तरी भाच्याच्या गाडीखाली पिंप उरलं असतं. पण हे मी मोठ्यानं बोलले नाही. आकडा माझा होता. आकडा बरोबर असेल तर माल कुठेतरी गेलेलाच होता.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा पिशवी ओतली गेली. मी त्या दिवशी मुद्दाम रेंगाळले आणि मामांच्याच बसमध्ये चढले. ते खिडकीशी बसले होते. मी शेजारी बसले. असल्फ्याचा स्टॉप गेल्यावर ते बाहेर बघतच म्हणाले, ‘गिरणीत पण झडती होती, बाय. रोज. तीस वर्सा माझी झडती झाली. पण ती सगळ्यांची. हय माझ्या एकट्याची.’

कंडक्टर आला. ‘आज दोन-दोन डझन?’ म्हणाला. आम्ही दोघंही हसलो नाही, तेव्हा तो मुकाट्यानं पुढे गेला.

घरी जाऊन मी पलंगाखालचा खोका ओढला. त्यात माझी रसायनशास्त्राची पुस्तकं आणि वह्या होत्या. आईला वाटलं, मी पुढं शिकायचं ठरवलं. तिनं न विचारता कॉफी आणून दिली.

रासायनिक समतोल हे प्रकरण मला पाठ होतं. एका फ्रेंच गृहस्थानं घालून दिलेला नियम आहे: समतोलात असलेल्या व्यवस्थेवर बाहेरून ताण आणला, तर तो ताण कमी होईल अशा दिशेनं समतोल सरकतो. आमचे प्राध्यापक ते वाक्य शिवस्तुतीसारखं डोळे मिटून सांगायचे, आम्ही माना खाली घालून उतरवून घ्यायचो. बारावीला, एफवायला आणि टीवायला, तिन्ही वेळा तो प्रश्न आला आणि तिन्ही वेळा मी पाचाला पाच मिळवले. ताण म्हणजे काय, सरकतो म्हणजे नेमकं कोण सरकतं, असं मी कुणाला विचारलं नाही. विचारणाऱ्यांना पाचाला तीन मिळायचे.

वहीत त्याच प्रकरणाखाली सोडवलेलं गणित होतं. ॲसिड आणि अल्कोहोल समप्रमाणात घेतलं, मिश्रण बंद भांड्यात ठेवलं, तर शेवटी किती भागाचं रूपांतर होईल? खाली माझ्याच हस्ताक्षरात उत्तर: दोन तृतीयांश. शेजारी सरांची लाल बरोबरची खूण, आणि ‘उत्तम’.

मी ते पान बराच वेळ बघत बसले. साहेबांसाठी लिहिलेल्या समीकरणात मी एक बाण काढला होता, डावीकडून उजवीकडे. वहीत दोन होते, एकाखाली एक, उलटसुलट. ॲसिड आणि अल्कोहोल मिळून इसेन्स आणि पाणी होतं. पण तेच पाणी त्याच इसेन्सला धरून पुन्हा ॲसिड आणि अल्कोहोल करत असतं. दोन्ही कामं एकाच भांड्यात एकाच वेळी चालतात. सुरुवातीला जाणारे जास्त, येणारे कमी. मग एक वेळ अशी येते की मिनिटाला जितका माल जुळतो तितकाच मोडतो. बाहेरून सगळं थांबल्यासारखं दिसतं. आत कुणीच थांबलेलं नसतं. हे दोन तृतीयांशाला होतं, आणि मग दिवसभर काय, महिनाभर उकळलं तरी काटा हलत नाही. तिसरा हिस्सा कुणी नेला नव्हता. तो तयारच झाला नव्हता.

या गणितात मला पैकीच्या पैकी होते. आणि साकीनाक्याला पाऊल टाकल्यावर तेच गणित समोर अडीच महिने वाफाळत होतं, तरी मी ते ओळखलं नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकात सुटत नव्हती. मग जुन्या काचेच्या भांड्यात पुरा माल कसा यायचा?

गुरुवारी सकाळी मी पहिल्या बसनं गेले. मामा नुकतंच शटर उघडत होते. मला पाहून त्यांचे हात थांबले. त्यांना वाटलं, आता सकाळचीही झडती सुरू झाली.

‘मामा, जुन्या भांड्यात तुम्ही वेगळं काय करायचा?’

‘काय नाय. पाणी काढी होतंय.’

‘कुठलं पाणी?’

ते पोटमाळ्यावर चढले आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन उतरले. आत काचेचा उभट बाटला होता, वर दोन तोंडं, खाली तोटी. तो कंडेन्सरच्या खाली लावलेला असायचा. गार झालेली वाफ आधी त्यात पडायची. त्यात तेलकट भाग वर तरंगायचा आणि वाहून पुन्हा भांड्यात जायचा. पाणी जड, ते तळाशी बसायचं. मामा तोटी उघडून ते पाणी काढून टाकायचे. दिवसभर.

‘पाणी काढूक होया,’ मामा म्हणाले. ‘नायतर माल मोडता. एकदा मी जेवूक गेलंय, तोटी उघडूक विसारलंय. सांजेक वास घेतलंय तर आंबट. या नव्यात तर सगळा पाणी परत आत. म्हणान सोडा बघ कितको लागता! माल धुताना आधी मूठभर पुरायचो, आता पाटीभर. फेस नुसतो भायर येता.’

फेस. ते मी रोज पाहत होते. माल सोड्याच्या पाण्यानं धुतला की उरलेलं ॲसिड फेसाळून उठतं. इतका फेस म्हणजे इतकं ॲसिड उरलेलं, हे मी दिवसातून दोनदा बघून दोनदा गटारात सोडत होते. आणि माल दारूसारखा गाळताना सुरुवातीला येणारा घशात ठसका आणणारा भाग, जो आम्ही खराब म्हणून कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात टाकायचो, ते उरलेलं अल्कोहोल होतं. पिंप जवळजवळ भरलं होतं. हरवलेला हिस्सा साहेबांच्या टेबलापासून दहा पावलांवर उभा होता. त्याच्यावर शाल घालायची तेवढी राहिली होती.

‘तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?’

‘सांगलंय ना. त्या टायवाल्याक सांगलंय, तोटी होयी. तो हसलो. म्हणालो, आजोबा, हे मॉडर्न आहे.’ मग बाटला पुसत म्हणाले, ‘तुका पण इचारलंय. तू माका बेसिन दाखवलंस.’

मी बाटला त्यांच्या हातातून घेतला. मग मी म्हटलं, ‘आज साहेब नाहीत ना?’

साहेबांचा त्या दिवशी दादरला सत्कार होता. आम्ही वळणदार नळीचे नटबोल्ट सोडवले, मध्ये तो काचेचा बाटला बसवला, रबराच्या नळीनं आणि पंच्याच्या चिंध्यांनी सांधे बांधले. बाकीचे दोघे कामगार लांबून बघत होते. एकजण म्हणाला, ‘मॅडम, साहेबांनी बघितलं तर वाट लागेल यार.’ मी म्हटलं, ‘माझी लागेल. तुझी नाही.’ हे शौर्य नव्हतं. मी सही केलेला कागद साहेबांच्या फायलीत होता आणि तो तिथं असेपर्यंत मला जेवण जाणार नव्हतं.

नऊच्या सुमारास वाफ वर चढली. बाटल्यात थेंब पडू लागले. बघता बघता दोन थर झाले, वर फिकट पिवळा, खाली स्वच्छ. मधली रेघ ब्लेडनं ओढल्यासारखी. मामांनी स्टूल घेतलं आणि तोटीशी बसले. रेघ वर आली की तोटी उघडायची, पाणी बादलीत सोडायचं, रेघ तोटीपाशी पोचायच्या आत बंद करायची. मी कागदावर काढून ठेवलं होतं, सगळं रूपांतर झालं तर किती पाणी निघायला हवं. बादलीवर खडूनं तेवढी खूण केली होती. आयुष्यात पाण्याकडे इतक्या आशेनं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी नळाची वाट बघणाऱ्या घाटकोपरची आहे.

दुपारी मामा डबा खायला उठले तेव्हा तोटीवर मी बसले. फ्रेंच गृहस्थ मला तिथं भेटले. पाणी बाहेर काढलं की मोडणाऱ्याला मोडायला साधनच उरत नाही. जुळणारे जुळत राहतात, जेवढं पाणी काढाल तेवढं नवं करत राहतात, जणू गेलेलं भरून काढायचंय. सरकतो म्हणजे हे. कुणी ढकलत नाही. एका बाजूचं काढून घेतलं की त्या बाजूला आपोआप रीघ लागते. तीन परीक्षांत लिहिलेलं वाक्य तोटीच्या पितळी चावीतून बोटांना कळत होतं, आणि शिकवणारा समोर पोत्यावर बसून भाकरीबरोबर बोंबलाची चटणी खात होता.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘तो कागद मी लिहिला होता. माल हरवतोय म्हणून साहेबांना जो दिला तो. माझी सही आहे त्याच्यावर.’

‘माका म्हायत आसा.’

‘कसं?’

‘मंगळवारी टेबलावरच होतो. माका वाचूक येता, बाय. बीएस्सी पण वाचूक येता.’

‘मग मला बोलला का नाहीत?’

‘काय बोलू? कागद तुझो, भांडा साहेबाचा.’ त्यांनी चटणीचा हात चाटला आणि एकदम ओरडले, ‘अगो, तोटी बंद कर! तेल जाता बघ!’

मी घाईनं चावी फिरवली. मी माफी मागायची ठरवली होती, पण मागायला जागाच ठेवली नाही त्यांनी. ते हात धुऊन आले, मला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसले.

चारच्या सुमारास बादलीतलं पाणी खडूच्या खुणेखाली दोन बोटांपर्यंत चढलं आणि मग थेंब पडायचे थांबले. रेघ हलेना. मामा म्हणाले, ‘झाला.’ शुक्रवारी सकाळी माल धुतला. मूठभर सोडा पुरला. गाळला, निळ्या पिंपात तांब्याभरसुद्धा पडलं नाही. काट्यावरची शाल काढून वजन केलं. तिसरा हिस्सा जवळजवळ सगळा आला होता.

साहेब अकराला आले. वजन बघितलं, पुन्हा बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘बघा!’ ते म्हणाले. ‘दोन दिवस झडती घेतली आणि माल पुरा यायला लागला! मी म्हणत नव्हतो?’

मामा त्या वेळी तिथंच उभे होते. त्यांनी हातातला पंचा घट्ट पिळला. पंचा कोरडा होता.

मी साहेबांना बादली दाखवली, बाटला दाखवला, निळं पिंप दाखवलं. ते ऐकत होते आणि मधूनमधून भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, ‘मॅडम, पाण्यानं माल मोडतो हे मला पटत नाही. माल म्हणजे माल. एकदा तयार झाला की झाला.’

‘सर, तुम्ही वास घ्या. मग ठरवा.’

मी कालचाच शुद्ध माल लहान फ्लास्कमध्ये घेतला, त्यात बादलीतलं पाणी घातलं, सल्फ्युरिकचे थोडे थेंब सोडले, आणि त्यांच्या टेबलाशेजारी शेगडीवर उकळत ठेवला. त्यांना वास दिला. केळं. मग दोन तास आम्ही सगळे आपापली कामं करत राहिलो. जेवणाच्या सुट्टीनंतर मी फ्लास्क गार करून पुन्हा त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी वास घेतला आणि मान झटक्यानं मागे नेली. केळ्याच्या आडून व्हिनेगर आलं होतं, सणसणीत.

साहेब स्वतः केमिस्ट्रीचेच होते. शालींखाली ते झाकलं गेलं होतं इतकंच. त्यांनी फ्लास्क हातात घेतला, उजेडात धरला, पुन्हा एकदा वास घेतला. ‘उलटी रिॲक्शन,’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘इंटर सायन्सला होती आम्हाला.’ मग फाइल उघडून माझा कागद काढून मला दिला. मी तिथंच बाणाखाली दुसरा बाण काढला, उलट्या दिशेचा, आकडा खोडला आणि पुन्हा सही केली. या वेळी बीएस्सी लिहिलं नाही.

संध्याकाळी साहेबांचं टेबल अजून शटरजवळच होतं. मामा आले तसं साहेब घाईनं म्हणाले, ‘मामा, आता पिशवी दाखवायची गरज नाही. जा तुम्ही.’

‘नको साहेब,’ मामा शुद्ध मराठीत म्हणाले, जी ते फक्त साहेबांशी बोलायचे. ‘दाखवतो ना.’ आणि त्यांनी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. डबा, पंचा, पेपर. डब्याचं झाकण काढून डबा साहेबांच्या पुढे केला. साहेब दुसरीकडे बघत म्हणाले, ‘ठीक आहे, ठीक आहे.’

शनिवारी तेच. सोमवारी तेच. मामांच्या वागण्यात तसूभर उद्धटपणा नव्हता. देवापुढं ताट मांडावं तसं ते मांडायचे, साहेबांनी बघेपर्यंत थांबायचे, मग गोळा करून नमस्कार करून जायचे. मंगळवारी मीही माझी पर्स उघडून टेबलावर ओतली: रुमाल, बसची तिकिटं, फणी, अर्धी पेन्सिल. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. बाकीचे दोघेही मागे रांगेत आपापल्या पिशव्या घेऊन उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेब पाचलाच निघायला लागले, तर मामा पाचला पाच कमी असताना पिशवी घेऊन हजर.

त्या आठवड्याच्या गुरुवारी मामांनी नेहमीसारखी पिशवी मांडली. साहेब उठून उभे राहिले. त्यांनी डबा उचलला, झाकण नीट लावलं, पंच्याची घडी घातली, पेपर त्यावर ठेवला आणि सगळं आपल्या हातानं पिशवीत भरलं. पेपर पिशवीत मावेना, तो त्यांनी दुमडून आत सरकवला. पिशवीचे बंद मामांच्या हातात दिले. बोलायला तोंड उघडलं, पण भाषणाचा आवाज लागला नाही, आणि दुसरा आवाज त्यांना लावायची सवय नव्हती.

‘चुकलं माझं, मामा,’ ते शेवटी म्हणाले. बरंच हळू.

मामांनी पिशवी खांद्याला लावली. ‘येतंय मी,’ ते म्हणाले, साहेबांशी पहिल्यांदाच आपल्या बोलीत, आणि बस पकडायला निघाले. मी माझी पर्स उघडणार होते, ती बंद केली आणि त्यांच्या मागून पळाले, कारण पुढची बस पंचवीस मिनिटांनी होती.